मेडिकलचा खर्च

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी सांगलीत वीस रुपये खर्च केले, की तिकडं कुंडलमध्ये आण्णांचा खिसा वाजायचा. खरोखर वाजायचा. आण्णा म्हणजे माझे वडील. सैन्यात ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून रिटायर झाले आणि गावी येऊन ऊस आणि आम्हाला सांभाळू लागले. ऊस उलट बोलत नाही, त्यामुळं त्याचं बरं चाललं होतं.

मला विश्रामबागेत खोली घेऊन दिली, तेव्हा पैशाची व्यवस्थाही त्यांनी लष्करी शिस्तीत लावली. खातं त्यांचं, आणि माझ्या मोबाईलवरून त्यातून पैसे द्यायची मला परवानगी. माझ्या एका चुलतभावानं हे जोडून दिलं, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. महिन्याला साडेचार हजारांची मर्यादा. त्यात मेसचा डबा, झेरॉक्स, रिक्षा, साबण सगळं आलं. मी कुठंही स्कॅन केलं, की कुणाला किती दिले याचा मेसेज त्याच क्षणी आण्णांच्या फोनवर.

पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या गेटवर वडापाव खाल्ला. तोंडातला घास गिळायच्या आत फोन आला.

"चाळीस रुपये कशाचे?"

"वडापाव, आण्णा."

"चाळीसचा वडापाव?"

"दोन घेतले."

"डबा न्हाई आला व्हय?"

"आलाय की."

"मग?"

मी दुसरा वडापाव अपराध्यासारखा संपवला. पुढं पुढं तर मी स्कॅन करून फोन कानालाच लावून उभी राहायचे. माझ्या वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझ्या वडिलांचा तुझ्यावर लय जीव आहे गं, दिवसातून चारदा फोन करतात!

माझी रूम पार्टनर साताऱ्याकडची, माण तालुक्यातली. तिच्या घरचे एकेकाळी मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, आता थोडी मेंढरं आणि थोडी डाळिंबं. तिला घरून रोख पैसे यायचे आणि ती ते पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. टूथपेस्टची ट्यूब ती कात्रीनं उभी चिरायची आणि आतून आठवडाभर पेस्ट काढायची. मी हसले की म्हणायची, "हस. तुझा बाप मेसेज वाचतोय, माझा बाप मला वळखतोय."

पहिल्या महिन्यात मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पॅड्स घेतले. बाहेर पडते तोच फोन.

"मेडिकलात काय? बरं न्हाई का तुला?"

"तसं न्हाई आण्णा. ते आमचं... बायकांचं सामान."

मागं ट्रॅक्टर चालू असल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"बरं," आण्णा म्हणाले. "बरं बरं. ठेवतो."

बर्फातल्या घाटांतून रात्रंदिवस ट्रक हाकलेला माणूस एका पाकिटाला घाबरून पळाला. त्यानंतर मेडिकलच्या मेसेजवर त्यांनी कधी म्हणजे कधीच फोन केला नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे माझ्या टाळक्यात शिरायला दीड महिना गेला. शिरलं त्या दिवशी मी मेडिकलमध्ये जाऊन चॉकलेट घेतलं आणि फोनकडं बघत तिथंच उभी राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काही नाही. दुसऱ्या दिवशी आईस्क्रीम घेतलं. त्या मेडिकलमध्ये फ्रिज होता, त्यात इंजेक्शनांच्या खालच्या कप्प्यात चोकोबार असायचे. तरी फोन नाही. मला स्वातंत्र्य मिळालं होतं, फक्त ते औषधांच्या दुकानात मिळत होतं.

पण माणूस चोकोबारवर किती दिवस काढणार? मला भेळ हवी होती, पिक्चर हवा होता, गणपती पेठेतून एक जीन्स घ्यायची होती, आणि भेळवाल्याला मेडिकल म्हणता येत नाही. वाट रूम पार्टनरमुळं सापडली. तिच्या वडिलांना बीपीही होता आणि शुगरही. त्यांच्या गोळ्या ती दर महिन्याला याच मेडिकलमधून घ्यायची, कारण इथं सूट मिळायची, आणि मग त्या गावी पाठवायची. मी तिला म्हटलं, गोळ्यांचे पैसे मी मोबाईलवरून देते, तू मला रोख दे.

तिनं पावडरचा डबा जवळ ओढला. "ह्येच्यात माझं काय जातंय?"

"काहीच नाही."

"मग काहीतरी गोम हाय," ती म्हणाली. पण दिले तिनं पैसे, मोजून, आणि वरचे चार रुपये परत मागून घेतले.

अशा रीतीनं माझ्या हातात पहिल्यांदा असे साडेआठशे रुपये आले की ज्यांचा मेसेज कुणाला जात नव्हता. ते तीन दिवसांत संपले. मग मी धंदा वाढवला. आमच्या मजल्यावर नऊ मुली होत्या. कुणाचं केस गळतीचं लोशन, कुणाचा दम्याचा पंप, कुणाच्या आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या. सगळ्यांचं औषधपाणी माझ्या मोबाईलवरून आणि सगळ्यांची रोकड माझ्या पर्समध्ये. डिसेंबरात मर्यादा पुरेना झाली, तेव्हा मी घाबरत घाबरत घरी फोन करून पाचशे वाढवून मागितले. आण्णांनी एक शब्द न विचारता वाढवले. मला वाटलं, म्हातारपणी माणूस निवळतो.

जानेवारीतल्या एका सकाळी मी कॉलेजला निघाले, तर आण्णा खोलीच्या दारात उभे. इस्त्रीची पँट, स्वेटर, काखेत प्लॅस्टिकची फाईल. दाढी केलेली नव्हती. माझ्या आठवणीत आण्णांनी दाढी न करता उंबरा ओलांडलेला नव्हता. रूम पार्टनरनं त्यांना खुर्ची दिली आणि ती पाणी आणायला गेली.

"आण्णा, अचानक?"

ते बसले नाहीत. "मी आदी त्या मेडिकलात जाऊन आलो," ते म्हणाले. ड्रायव्हर असले तरी टेहळणी त्यांना येत होती. "तुझा फोटो दावला. मालक म्हनला, ह्या मुलीच्या मोबाईलवरून दर महिन्याला बीपीच्या गोळ्या जात्यात, शुगरच्या जात्यात. दम्याचा पंप बी जातो." त्यांनी फाईल दुसऱ्या काखेत घेतली. "एवढं सगळं झालं, आन् आमाला सांगितलं न्हाईस?"

त्यांचे डोळे लाल होते. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण आण्णांना रडवेलं बघायची सवय नव्हती, आणि खरं सांगितल्यावर काय होईल याची चांगलीच कल्पना होती. मी म्हटलं, "तसं काही नाही हो आण्णा."

"तू आता एक अक्षर बोलू नगं. आमाला तरास नको म्हणून लपवलंस. कळतंय मला." एवढं बोलून त्यांनी माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. मला त्या क्षणी खरोखरच दमा झाल्यासारखं वाटलं. पाण्याचा तांब्या घेऊन रूम पार्टनर दारात उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी नजर खाली घातली.

रिक्षानं डॉक्टरकडं गेलो. रक्त दिलं, मग रिपोर्ट येईपर्यंत दोन तास बाकावर बसलो. आण्णांनी मला बिनसाखरेचा चहा पाजला. फाईलमध्ये त्यांनी चार महिन्यांचे मेडिकलचे मेसेज तारीखवार वहीच्या कागदावर उतरवून आणले होते. माझ्या चोकोबारांची ती यादी बघून मी कागद परत फाईलमध्ये सरकवला.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, माझा बीपी घेतला, छातीला नळी लावली. "हिला काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "ठणठणीत आहे. उलट वजन थोडं वाढलंय."

आण्णांच्या कपाळाला घाम आला होता. बाईंनी त्यांना बसवलं आणि पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. मग सोडला आणि परत बांधला.

"काका, एकशे सत्तर आहे. वरचा. तुम्हाला बीपीच्या गोळ्या आहेत का?"

"मला? न्हाई."

"झोप लागते का?"

"दोन म्हैने न्हाई," आण्णा म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

बाहेर आलो आणि फाटकाजवळच मी सगळं सांगून टाकलं. वडापाव, मेडिकल, पार्टनरचे वडील, मजल्यावरच्या नऊ मुली, भेळ, जीन्स. सांगताना इतकी रडले की समोरच्या रसवंतीवाल्यानं गाळणं थांबवलं. आण्णांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "ती जीन्स कुटली? ह्यीच?"

"व्हय."

"बरी हाय." मग म्हणाले, "भेळ खाती म्हणून मी काय गोळी घातली असती व्हय गं?"

"घातली नसती. पण फोन केला असता."

आम्ही मिसळ खाल्ली. बीपीचा माणूस म्हणून मी त्यांचा पापड उचलला, त्यांनी तो परत घेतला. मग त्यांनी चष्मा लावला, मोबाईल काढला आणि ती परवानगी मला विचारत विचारत स्वतःच काढून टाकली. "आता एक तारखेला तुझ्या स्कॉलरशिपच्या खात्यात साडेचार हजार टाकीन. मधी मागायचं न्हाई. मी बी इचारनार न्हाई." वाढवलेले पाचशे तेवढे कापले. जाता जाता त्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्वतःच्या गोळ्या घेतल्या. मालकानं त्यांना सूट दिली आणि माझ्याकडं बघितलंच नाही.

फेब्रुवारीत साडेचार हजार रुपये एकदम माझ्या नावावर जमा झाले. मी मेसचे भरले आणि उरलेले सतरा तारखेला संपवले. कशात संपले ते मला आजही नीट सांगता येत नाही. कानातलं एक होतं, दोनदा पिझ्झा होता. कुणी विचारत नव्हतं, म्हणून मीही स्वतःला विचारलं नाही. अठरा तारखेला झेरॉक्सला पैसे नव्हते. घरी मागायचं तोंड नव्हतं.

"माझ्या डब्यातनं घिऊ नगंस," रूम पार्टनर पावडरचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवत म्हणाली. "चल, हात चालीव."

तिनं मला इमारतीतल्या प्रत्येक खोलीत नेलं. जुनी जर्नल्स, वर्तमानपत्रं, पिझ्झाचे खोके, पाण्याच्या बाटल्या, मुलींनी दिलं ते सगळं आम्ही गोळा केलं. माझ्या वर्गातल्या दोन मुली जिन्यात भेटल्या, त्यांनी विचारलं हे काय. "रद्दी," पार्टनर म्हणाली, "हाय का तुमच्याकडं?" त्यांच्याकडं होती. एका मुलीची स्कूटी मागून आणली आणि दोन फेऱ्यांत सगळं रद्दीवाल्याकडं नेलं. त्यानं वजन केलं, पार्टनरनं काटा बघितला आणि परत वजन करायला लावलं. दुसऱ्यांदा एक किलो जास्त भरलं. तिनं रद्दीवाल्याकडं रागानंही बघितलं नाही. नुसता हात पुढं केला.

तीनशे वीस रुपये मिळाले. निम्मे माझे. मी हात पुढं केला, तर तिनं हातावर चाळीस ठेवले.

"आन् बाकीचे?"

"एका टायमाला चाळीस. तुझ्या हातात पैसा ऱ्हात न्हाई." एवढं म्हणून तिनं माझे एकशेवीस आपल्या डब्यात टाकले.

माझ्या स्वतःच्या कमाईचे पैसे मी माणच्या एका मुलीकडून हप्त्यानं घेतले. प्रत्येक वेळी ती विचारायची, "कशाला?" आणि मी उत्तर द्यायचे. महिनाअखेर माझ्याकडं अकरा रुपये उरले. कधी काही उरल्याची ती पहिलीच वेळ. मी ते पार्टनरला दाखवले, तर तिनं नाणी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "चल, चहा पिऊ." दहाचा एक चहा घेतला आणि दोघींत अर्धा अर्धा केला. तिनं तिच्या कपात थोडा जास्त ओतून घेतला.