चुका मागणाऱ्या मॅडम

मॅडम वर्गात आल्या की पहिलं वाक्य असायचं, "काढा फोन!" आमच्या आकुर्डीच्या कॉलेजात फोन दिसला की जप्त, आणि ही बाई तो काढायला लावायची. बी.कॉम.ला इंग्रजी शिकवायला तासिका तत्त्वावर आलेल्या, म्हणजे दर वर्षी नव्याने मुलाखत. तरी ताठा असा की विचारू नका. पडद्यावर प्रश्न यायचा, आम्ही फोनवर पर्याय दाबायचा, आणि कुठल्या उत्तराला किती मतं ते लगेच दिसायचं. नाव मात्र कुणाचंच दिसायचं नाही. आम्ही त्यांना पोलवाल्या मॅडम म्हणायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी उतारा वाचून विचारलं, कळला का? सगळ्यांनी 'हो' दाबलं. लगेच त्यांनी उताऱ्यावरच प्रश्न टाकला, तर बरोबर चौघंच! आमच्यातले निम्मे चाकणच्या कारखान्यांत सेकंड शिफ्ट करणारे. साहेबाने "समजलं?" म्हटलं की "हो सर" म्हणून मशीनकडे वळायचं, एवढंच ठाऊक. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे 'हो' कंपनीच्या गेटवर ठेवून यायचं. इथे चुकलात तर कुणी मेमो देणार नाही."

मी बीडचा. इंग्रजी सोडाच, मराठीत तोंड उघडलं तरी पुढच्या बाकांवर खुसखुस. फोनवर मात्र बिनधास्त चुकायचो. मॅडम नेमक्या चुकलेल्या उत्तरापाशी थांबायच्या. "हे ज्याने दाबलं त्याने डोकं चालवलंय. काय विचार केला असेल त्याने?" अख्खा तास त्यावर. माझ्या चुकीवर, राव!

विभागप्रमुखांना हे खुपायचं. एकदा दारातूनच म्हणाले, "वर्ग आहे की निवडणूक?"

"निवडणूकच आहे सर," मॅडम म्हणाल्या. "यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

झालं! आठवड्याभरात सर वर्गात हजर. फोन बंद करायला लावले आणि म्हणाले, "मोबाईलशिवाय शिकवायला कुणाची हरकत असेल तर हात वर करा." हा वर्ग हात वर करत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आम्ही गप्प बसलो तर पोल बंद आणि पुढच्या वर्षी मॅडमही बंद, हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या, आमच्याकडे बघतही नव्हत्या. मी उठलो आणि इंग्रजीत बोललो. चुकलं असेल, चुकू दे! सर, आम्ही इथे चुकत चुकत शिकतोय, ते बंद करू नका, असं काहीतरी. मग मागचा एक हात वर आला, मग चार, मग मोजायचं सोडून दिलं.

"बघू," म्हणून सर निघून गेले.

पुढच्या वर्षी मॅडमना घेतलं नाही. ते कळलं त्या दिवशी आम्ही त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. मला तर रडूच येत होतं.

"थोबाड कशाला पाडलंयस?" त्या म्हणाल्या. "माझी नोकरी गेली, तुझं तोंड उघडलं. सौदा वाईट नाही."

"मला मान्य नाही हा सौदा, मॅडम," मी तिथेच म्हणालो.

आजही मान्य नाही. दोन्ही राहायला हवं होतं.