बसून राहायची तालीम

हणमंतरावांना सूर्यभानची खरी ओळख फार थोडी होती, हे आधीच सांगितलेलं बरं. जामबागच्या एका खासगी शाळेत हणमंतराव हेडक्लार्क होते आणि सूर्यभान तिथला शिपाई. सकाळी टेबलावर पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला असे, दुपारी चहा येई, आणि व्हरांड्यातून कुणीही मास्तर गेला की स्टुलावरचा सूर्यभान उभा राही. त्याचं गाव देगलूरकडचं, एवढं माहीत होतं. त्याला मुलं किती, तो राहतो कुठे, यातलं काही ठाऊक नव्हतं. विचारायचं कधी सुचलं नाही. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर एखाद्या माणसाविषयी काही सांगावं का, याची हणमंतरावांना शंकाच होती.

पुढे ती शाळा बंद पडली. हणमंतराव घरी बसले. सूर्यभानच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, हे त्यांना कळलंही नाही. कळलं ते आबिड्सच्या पोस्टात, रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईने हाक मारली तेव्हा. ती सूर्यभानची बायको, सरुबाई. दिलसुखनगरला मुलींच्या एका होस्टेलात ती स्वयंपाक करायची.

तेलुगू मुलखात नुकतंच नवं राज्य वेगळं झालं होतं. जुनी पेन्शनची कार्डं नव्याने तपासायची असं निघालं होतं, आणि ज्यांना तपासणीच्या कँपपर्यंत जाता येत नाही त्यांच्या घरी माणसं येणार होती. अपंगाची जी पेन्शन सूर्यभानला मिळत होती ती टिकते की जाते, हे त्या एका भेटीवर होतं. गल्लीतल्या दत्तोबाचं नाव कटलं होतं. त्याची चूक एवढीच, की साहेब आले म्हणून तो कुबडी घेऊन दारापर्यंत सामोरा गेला. सूर्यभानचं कटलं तर सरुबाईला रात्रीचंही काम धरावं लागणार होतं. मग त्याला रात्री लघवीला कोण धरून नेणार? त्याला गावी, भावाकडे धाडावं लागलं असतं. मुलगा एकच, तो पुण्यात एका खोलीत चौघांत राहत होता. गाव महाराष्ट्रात, आणि इथलं कार्ड तिथे चालायचं नाही.

"भाऊ, एक डाव घरी येऊन ह्यायला चार गोष्टी सांगा," सरुबाई म्हणाली. "तुमचं ऐकतेत."

हणमंतराव गेले. खोली एकच, पत्र्याची, पण नुकताच चुना दिलेली. खाटेवर बसलेल्या सूर्यभानने त्यांना दारात पाहिलं आणि डाव्या हाताने खिडकीचा गज धरून तो उठायला लागला. अर्ध्यावर उठला आणि धपकन मागे बसला.  हणमंतरावांच्या लक्षात आलं, की चार गोष्टी सांगायच्या नाहीत, एकच सांगायची आहे. साहेब आले की उठायचं नाही.

सूर्यभान हो म्हणाला. त्यात काय अवघड आहे, असंही म्हणाला. तेव्हा हणमंतराव बाहेर गेले, चपला घातल्या, दार वाजवलं आणि साहेब होऊन आत आले. सूर्यभानचा हात गजाकडे गेलेला होता. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पुन्हा तेच. शेजारची पोरं दारात गोळा झाली, तशी सरुबाईने त्यांना हाकललं आणि स्वतःच हसायला लागली.

"मी थकून पडले तरी भाकर वाढून घ्यायला कधी उठले नाहीत," ती म्हणाली. "सायबासाठी मातर मेलेला पाय बी उठतो."

"अगं, मी कुठं उठलो? अंग उठतंय," सूर्यभान म्हणाला.

असं आठवडाभर चाललं. हणमंतराव दुपारी बसने यायचे आणि दमून परत जायचे. त्यांचेही गुडघे दुखत. आपण एका लुळ्या माणसाला लुळं दिसायला शिकवतो आहोत, हे त्यांना रस्त्याने जाताना फार विचित्र वाटे. खोटं तर काहीच नव्हतं. सूर्यभानला आंघोळ घालावी लागे, घास भरवावा लागे. पण आलेला माणूस थोडा वेळच बसणार, आणि त्यात जे दिसेल तेच खरं ठरणार. सरुबाईने खाटेवर घालायला नवी चादर आणली. लघवीचं भांडं समोरच राहू द्या असं हणमंतरावांनी सुचवलं, तर ती म्हणाली, "पाव्हणा येणार आन् समोर भांडं ठेवू? जनाची नाही तर मनाची काही?" भांडं खाटेखालीच राहिलं.

शेवटी एक दिवस ते इतके थकले की बाहेर न जाता खाटेवर सूर्यभानच्या शेजारीच बसले. त्याचा डावा हात त्यांनी आपल्या हाताखाली दाबून धरला आणि सरुबाईला साहेब व्हायला सांगितलं. ती पदर खोचून, मान वर करून आत आली. सूर्यभानच्या हाताने गजाकडे ओढ घेतली, पण तो बसून राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या शेजारी आपण कधी बसलो नव्हतो, हे हणमंतरावांच्या मनात आलं. त्याच्या अंगाला चुन्याचा आणि औषधी तेलाचा वास येत होता.

ठरल्या दिवशी दोघं आले. एक पोक्त साहेब, आणि लिहून घ्यायला एक तरुण मुलगी. हणमंतराव सकाळपासून खाटेवर बसून होते. साहेब आत आले, सूर्यभानने जमिनीकडे पाहिलं, गुडघा हलला, आणि तो बसून राहिला. 

साहेब बरे होते, घाईत होते. चल सकते क्या, असं विचारलं. सूर्यभान म्हणाला, नहीं साब. नहाना-धोना? सरुबाई चुलीकडून म्हणाली, सब मैंच करती. उजवा हात उचलून पाहिला, तो सोडल्याबरोबर मांडीवर पडला. साहेबांनी मान हलवली. काम झाल्यातच जमा होतं.

त्या मुलीने लिहिता लिहिता वर पाहिलं. पत्र्याच्या कपाटावर बाबासाहेबांची तसबीर होती. तिचा चेहरा बदलला. घरच्या माणसाशी बोलावं तशी ती हळूच म्हणाली, "जय भीम, ताता."

ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. हणमंतरावांना ते कळेपर्यंत त्यांच्या हाताखालचा हात निसटला होता. सूर्यभानने गज पकडला आणि तो उभा राहिला. अर्धवट नाही, पुरता. मान ताठ, डोळे त्या मुलीकडे. "जय भीम, माय," तो म्हणाला. चुलीकडून सरुबाईही तेच म्हणाली. मग त्याचा पाय वळला, आणि मुलीने वही टाकून त्याला सावरलं नसतं तर तो तोंडावर पडला असता.

साहेब बघत होते. "खड़े तो हो जाते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मुलगी तेलुगूत काहीतरी सांगायला लागली, पुन्हा पुन्हा सांगत राहिली, पण पुढची घरं बाकी होती.

ते गेले. हणमंतरावांनी विचारलं, "काय केलंस रे हे?"

"तुम्ही सांगितलं तसं साहेबासाठी बसलोच होतो की," सूर्यभान म्हणाला. "तिच्यासाठी कसं बसायचं?"

हणमंतरावांनी सरुबाईकडे पाहिलं. ती तरी बोलेल असं त्यांना वाटलं. ती नवी चादर काढून घडी करत होती. "मला काय बगता भाऊ," ती म्हणाली. "एवढ्याला मी बी त्यायला बोलू शकत नाही."

अपंगत्वाचे टक्के कमी पडले आणि पेन्शन बंद झाली. हणमंतराव दोनतीनदा कचेरीत जाऊन आले. माणसाला घेऊन पुढच्या कँपला या, असं सांगितलं गेलं. पुढचा कँप केव्हा, ते कुणाला माहीत नव्हतं. सरुबाईने रात्रीचं काम धरलं. काही दिवस शेजारणीने सूर्यभानकडे पाहिलं, मग तीही कंटाळली, आणि त्याला गावी धाडायचं ठरलं. न्यायला त्याचा भाऊ निवृत्ती आला.

हणमंतराव इमलीबनच्या बसस्टँडवर गेले. सूर्यभानला उचलून खिडकीजवळ बसवलं होतं. सरुबाई सकाळचा स्वयंपाक टाकून येऊ शकली नव्हती. निवृत्ती सामान लावत होता. गावी गेल्यावर सूर्यभान पोळ्यापर्यंत जगला, हे हणमंतरावांना पुढे सरुबाईकडूनच कळलं. त्या सकाळी ते खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

"भाकरी घेतल्यात का बरोबर?" त्यांनी विचारलं.

"घेतल्यात. ठेचा बी आहे," सूर्यभान म्हणाला. "तुम्ही कुठल्या बसने जाता आता?"

"चालत जातो कोठीच्या स्टॉपपर्यंत."

"ऊन व्हायलंय साहेब. रिक्षा करा."

"करतो," हणमंतराव म्हणाले.