बासीची वाटी

संध्याकाळी पाण्यात घातलेल्या भाताला सकाळी जो वास येतो तो आंबट असतो, पण नासका नसतो. ताक घुसळलेल्या घरात दुपारपर्यंत रेंगाळतो ना, त्याच्या जवळचा. हे मला म्हातारपणी कळलं. तोवर इकडे ह्या भाताला म्हणतात ती बासी म्हणजे शिळं आणि शिळं म्हणजे गुरांचं, एवढंच ठाऊक होतं. भंडाऱ्याकडून लग्न होऊन इथे पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये आले, तेव्हाच ठरवलं होतं की प्लांटात भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला डब्यात ताजंच द्यायचं. पहिल्या शिफ्टसाठी मी चारला उठायचे. थंडीत कणीक मळायचं पाणीसुद्धा बोटांना चावायचं.

मागच्या उन्हाळ्यात ह्यांच्या आतड्यांना सूज आली. रक्त पडायचं, सदरा खांद्यावरून ओघळायचा. औषधांनी सूज उतरली, जेवणाची भीती मात्र उतरली नाही. ताट पुढे आलं की हात मांडीवर ठेवून नुसते बघत बसायचे. त्या बसण्याची मला आजारापेक्षा जास्त धास्ती वाटायची. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, गोळ्या सोडायच्या नाहीत. पण आतड्यात चांगले जंतूही नांदतात, ते दुखण्यात कमी झालेत. त्यांच्यासाठी दही-ताक, काही आंबवलेलं थोडं थोडं द्या, आणि ते टिकावेत म्हणून केळं, मऊ शिजवलेली भाजी. मी महिनाभर ताकाची कढी दिली, चांगली खळखळ उकळून. आजारी माणसाला गार कसं द्यायचं?

पुढच्या खेपेला बाई हसल्या. “अम्मा, उबाल दिया तो सब मर गए न.”

तेव्हा ह्यांनी हळूच विचारलं, बासी चालेल का. चालेल म्हणाल्या, पाणी स्वच्छ हवं, लहान वाटीपासून सुरुवात करा.

बाहेर बाकावर मी विचारलं, ही बासी तुम्हाला कुठे भेटली. मग निघालं सगळं. भट्टीच्या आचेत गरम पोळी गळ्याखाली उतरत नसे. भट्टीवर शेजारी उभा राहणारा कुरुद गावचा मंगलू बासी, कांदा, मिरची आणायचा आणि त्याला माझ्या पोळ्यांचा सोस. दोघे डबे बदलायचे. एक-दोन दिवस नाही, मंगलू रिटायर होईपर्यंत.

“कावून नाही सांगतलं मले?”

“तू चारले उठत होती. कोन्या तोंडानं सांगू?”

दोन दिवस मी भातात पाणी घातलं नाही. गोळ्या वेळेवर दिल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भात गार करून पाणी ओतलं, आणि ओतता ओतता मंगलूची बायको, कुरुदची ती बाई आठवली, जिला मी कधी पाहिलंच नाही. रोज दिवेलागणीला तीही अशीच भातात पाणी घालत असेल, आपल्या माणसासाठी. आणि जेवला माझा. तिचा माझ्या पोळ्यांवर पोसला. ह्यात फसलं कोण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला कोणी सांगितलं असेल की नाही, कोण जाणे.

सकाळी वाटीत बासी दिली, कांदा न घालता, नुसतं मीठ. ह्यांनी हात मांडीवरून उचलला. भात संपला, मग वाटी तोंडाला लावून पाणीही प्याले. मी भिंतीकडे बघत विचारलं, तिच्यासारखी झाली का.

“मीठ थोडं जास्त झालं,” म्हणाले, आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.