फाटकाचा दगड

ईरा, नील — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही. आजोबांनाही नाही, आणि ते जाऊन आता सात वर्षं झाली.

मागच्या रविवारी ईरा फोनवर म्हणाली, तिकडे बर्फ पडायच्या आत हिवाळ्याची चाकं घालायची आहेत, गाडी घरीच जॅकवर चढवणार. मी म्हणाले, चाकाला दगड लाव. परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ती हसली, "आजी, तुला गं काय कळतं गाडीतलं?" मी फोन ठेवला.

मला कुठून कळतं? — युसूफभाईंकडून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं टायरचं दुकान होतं.

भूकंपानंतरची वर्षं होती ती. लातूरला क्लासेससाठी गावोगावची मुलं येऊ लागली होती. आम्ही माडीवर चार मुली ठेवल्या होत्या. माझी शिस्त कडक. चपला एका ओळीत, वस्तू जागच्या जागी. फाटक आपोआप मिटायचं, ते उघडं धरायला एक काळा दगड होता. त्याचीही जागा ठरलेली. अंगण फाटकाकडे उतरतं होतं.

आजोबा तेव्हा बाहेरगावी, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवायचे. एकदा त्यांना दुसऱ्या दिवशी आपली अँबेसेडर घेऊन जायचं होतं, म्हणून मागचे टायर बदलायला युसूफभाई सकाळीच घरी आले. गाडीचं तोंड फाटकाकडे. हँडब्रेक नावालाच. त्यांनी जॅकखाली फळी ठेवली, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग फाटकाचा दगड उचलून पुढच्या चाकासमोर घट्ट बसवला.

मी पाहत होते. मी विचारलंसुद्धा — गिअरमध्ये आहे ना गाडी?

"भाबी, गिअर धरतो मागल्या चाकाला; ते उचललं की गिअर काय कामाचा? जॅक निस्ता उचलतो, धरत न्हाई. ह्यो दगडच धरून राह्यलाय बगा गाडीला." आणि हसून म्हणाले, "त्याला कुनी हात लावू नका. भूकंप आला तर त्याला बी सांगा, युसूफचा दगड हाय म्हनून."

म्हणजे मला माहीत होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की नव्हतं. होतं.

थोड्या वेळाने चाकूरहून एक बाई मुलीला घेऊन आल्या, खोली बघायला. दोघींच्या हातात ट्रंक, डोक्यावर गादीची वळकटी — आणि फाटक सारखं त्यांच्या अंगावर मिटत होतं. मला लाज वाटली. पहिल्यांदाच येतायत, काय म्हणतील? मी वाकले, दगड उचलला, फाटकाला लावला. त्याच्या जागी. दोन मिनिटांत परत ठेवू — असं मनात आलं होतं का? आलं असेल. मी त्यांना घेऊन पायरीपर्यंत पोचले.

युसूफभाई मागे बसलेले. त्यांना पुढचं दिसत नव्हतं. चाक निघालं होतं. निघालेलं चाक आधी गाडीखाली आडवं सरकवायचं, जॅक सटकलाच तर गाडी त्याच्यावर बसावी — हा त्यांचा नेम. त्या नेमासाठीच त्यांनी हात आत घातला होता.

गाडी पुढे सरकून जॅकवरून घसरली, धप्प आवाज झाला. जमीन हादरली. माडीवरच्या मुली किंचाळत खाली धावल्या, कारण तेव्हा लातुरात काही पडलं की माणसं आधी घराबाहेर यायची. आणि मी — मी ओरडले, "हादरा! हादरा बसला!"

चाकूरच्या त्या दोघींना दगडाचं काही ठाऊक नव्हतं; कुणीही विचारलं नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "हाव, माजी बी भांडी वाजली." सगळ्यांना तो जाणवला होता. बसला नव्हता, तरी.

आणि हे आणखी. सगळे जमून गाडी उचलत होते, युसूफभाईंचा अडकलेला हात बाहेर काढत होते. तेवढ्यात मी फाटकापाशी गेले आणि दगड परत पुढच्या चाकाला लावला. पदरसुद्धा नीट खोचलेला होता माझा.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यात त्यांनी मला एकच विचारलं, "भाबी, दगड लावला व्हता ना म्या? मला याद हाय, पर आता भरवसा न्हाई वाटत."

मी म्हटलं, होता की. नंतरही तिथंच होता, सगळ्यांनी पाहिला.

"मंग जमिनीशी कोन भांडनार," ते म्हणाले. आणि निवांत झाले. मी रोज डबा नेला. गल्लीने माझं कौतुक केलं.

ते परत गाडीखाली वाकले नाहीत. हात साथ देईना म्हणून नव्हे — पायाखालची जमीन कधी हलेल, याची धास्ती बसली म्हणून. ती धास्ती मी दिली. दुकान बंद केलं, मुलीकडे औशाला गेले. जाण्याआधी भेटायला आले. चहा घेतला. निघताना फाटक मिटू लागलं, तसा त्यांनी उरलेल्या दोन बोटांनी आणि डाव्या हाताने दगड ओढून त्याच्या जागी लावला. "तुमच्या घरात कसं, सगळं जागच्या जागी असतं, भाबी," म्हणाले.

तेव्हा आम्ही दोघंच होतो अंगणात. मी सांगू शकले असते. मी म्हणाले, जपून जा.

ते औशालाच वारले. आता खरं-खोटं तपासून घ्यायलाही कुणी नाही.

त्या दिवशी हादरा बसला नव्हता. दगड मी काढला होता.