आगाऊ नंबर

हे माझ्या घरात कुणालाच माहीत नाही. बायकोला नाही, पोरीला नाही, आणि ज्यांनी चौकशी केली त्या साहेबांना तर नाहीच नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून आज तोंड उघडतंय—की हेही सोंगच? आपली घाण दाखवतानासुद्धा माणूस स्वतःला जरा बरा दाखवायला बघतो. मीही बघेन. तेवढं ध्यानात ठेवा.

मी स्टेशन मास्तर होतो. चंद्रपूरच्या उत्तरेला सागाच्या जंगलातून एकेरी लाईन जाते, तिच्यावरचं एक लहानसं स्टेशन. नाव सांगत नाही. सकाळ-संध्याकाळच्या पॅसेंजरनं माणसं चंद्रपूरला कामावर, कॉलेजात, दवाखान्यात जात-येत, आणि मधल्या वेळेत मालगाड्या. मग एका वर्षी लाईन सुधारायची ठरली. जुने रूळ उपटून जाड रूळ, लोखंडी स्लीपरांच्या जागी सिमेंटचे, हात वर-खाली करणाऱ्या जुन्या सिग्नलांच्या जागी दिव्यांचे. माझ्या खोलीत बटणांचं नवं पॅनेल बसणार होतं. ‘लाईनीनं कात टाकली’ असं पेपरात छापून आलं. ते कात्रण मी लॅमिनेट करून ठेवलंय. का ठेवलंय, मला विचारू नका.

स्टेशनपासून दीड किलोमीटरवर, वळणाच्या तोंडाशी, एक फाटक होतं. तिथला गेटमन दसरू मडावी. एटापल्लीकडचा माणूस, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, घरी बायकोशी गोंडीत बोलायचा आणि माझ्याशी तोलून-मापून मराठीत. फाटकाच्या खोलीमागं त्यानं वांगी लावली होती. पहिली वांगी माझ्या घरी यायची.

आता एक गोष्ट समजावून सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. एरवी फाटक उघडं असेल तर गाडीला सिग्नल देताच येत नाही, यंत्रच अडवतं. पण काम चालू असताना फाटक आणि सिग्नलची ती जोडणी काही दिवस सोडवून ठेवतात. मग उरतो फक्त फोन. मास्तरनं फोनचं हँडल फिरवायचं, गेटमनला गाडी येतेय म्हणून सांगायचं, त्यानं फाटक लावायचं आणि एक नंबर द्यायचा. त्याच्याजवळ छापील कागद असतो, त्यावर ओळीनं आकडे. दिला तो आकडा त्यानं खोडायचा, मास्तरनं रजिस्टरमध्ये लिहायचा. प्रायव्हेट नंबर म्हणतात त्याला. नंबर मिळाला म्हणजे फाटक लागलं. शेकडो माणसांचा जीव त्या दोन आकड्यांवर.

ठेकेदाराचा जेसीबी दर दोन दिवसांनी फोनची केबल तोडायचा. जोडली की नुसती खरखर. सत्तावन्न की सत्त्याण्णव हे चार-चार वेळा ओरडून विचारावं लागे. मी वैतागलो होतो. मी—दसरू नाही, मी—त्याला म्हणालो, “भाऊ, सकाळीच चार-पाच नंबर एकदम देऊन टाकत जा. मी हँडल फिरवून दोन घंट्या मारीन, तू फाटक लाव. बोलायची गरजच नाही.”

त्यानं हातातल्या आकड्यांच्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, “मास्तर, असं चालते का?”

मी म्हणालो, चालतं. मास्तर मी होतो ना? मी चालतं म्हटल्यावर ते चालणारच. दुसऱ्या दिवसापासून तो ड्यूटीवर आला की पाच नंबर सांगायचा आणि इमानदारीत ते तिथल्या तिथं खोडून टाकायचा.

हे मी तुम्हाला सांगतोय, पण अजून मूळ गोष्टीवर आलेलो नाही. तुमच्या लक्षात आलं असेलच. मी घुटमळतोय.

त्या दिवशी दुपारी पॅनेल बघायला मोठे साहेब आले होते. मी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला. टेबल पुसलं. आणि रजिस्टर साहेबांनी उघडलं तर ते चोख दिसावं म्हणून—ऐका नीट—दुपारच्या मालगाडीची ओळ मी आधीच भरून टाकली. नंबर तर होताच हाताशी. वेळ अंदाजानं टाकली. अक्षर छान आलं होतं.

साहेब आले. समोसे आले. पॅनेलशेजारी उभं राहून फोटो काढायचा झाला. मला म्हणाले, मास्तर, तुम्ही मधे या. मी मधे गेलो. तेवढ्यात गाडी जवळ आली. मी रजिस्टरवर नजर टाकली, ओळ भरलेली दिसली, नंबर दिसला, आणि मी सिग्नल दिला. तोंडात समोसा होता. घंटी मारायची राहिली. विसरलो म्हणू? स्वतःच्या हातानं लिहिलेलं खोटं मी स्वतःच खरं धरलं. याला विसरणं म्हणत नाहीत.

वळणावर ड्रायव्हरला फाटक उशिरा दिसलं. गावातला शेतकरी नत्थू मेश्राम जुन्या मालगुजारी तलावातला गाळ बैलबंडीत भरून वावरात टाकायला चालला होता. फाटक उघडं, म्हणून तो निघाला. दोन्ही बैल गेले. नत्थूचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मी धावत पोचलो तेव्हा दसरूनं आपलं धोतर फाडून त्याच्या मांडीला आवळून बांधलं होतं. रुळावर, खडीवर सगळीकडे काळा गाळ होता. दसरूनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “घंटी नाई वाजली, मास्तर.” तक्रार नव्हती त्यात. नुसतं सांगत होता.

माझ्या दाढेत समोशाचा तुकडा अडकला होता. माझी जीभ तो काढत होती. आजही आठवलं की स्वतःच्या तोंडाची शिसारी येते.

चौकशी झाली. दसरूनं जे होतं ते सांगितलं—घंटी वाजली नाही, नंबर सकाळीच दिले होते, मास्तरनंच मागितले. चौकशी करणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “असं कधी होतं का साहेब? मी फोन केला, यानं नंबर दिला, मी लिहिला.” तीन वाक्यं. शेवटी काय म्हणालो तेही सांगतो, कारण तेच सगळ्यात घाणेरडं आहे. म्हणालो, मोहाची दारू गाळायचे दिवस आहेत साहेब, या लोकांचं तुम्हाला माहीतच आहे. दसरू दारूला शिवत नव्हता. त्याची वांगी खाल्लेला मी, हे मला पक्कं माहीत होतं. साहेब नुसते हसले आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

त्याच्या कागदावर तो नंबर खोडलेला, माझ्या रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेला. आणखी काय पुरावा हवा? दसरूला कामावरून काढलं. मला ताकीदसुद्धा मिळाली नाही. उलट काम पुरं झालं तेव्हा प्रशस्तिपत्र मिळालं, आणि ते घेताना मी वाकलो होतो, नम्र दिसावं म्हणून.

इथंच थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, भेकड माणूस, नोकरीसाठी खोटं बोलला. मीही बरीच वर्षं स्वतःला एवढंच म्हणत होतो. पण खरं सांगायचंय ते पुढंच आहे.

मी रिटायर झालो त्यानंतर शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत गेलो होतो. वैनगंगेच्या वाळूत रसवंतीपाशी कुणीतरी “मास्तर” म्हणून हाक मारली. दसरू. केस सगळे पांढरे. पळून जावं असं वाटलं, पण त्यानं आधीच उठून मला आपली जागा दिली होती. स्वतः वाळूत बसला. रस मागवला. कामाला कुठं आहेस, मी विचारलं. म्हणाला, बांबूच्या कामाला जातो, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत आठ दिवस नत्थूच्या शेतात. मजुरी घेत नाही.

मी विचारलं, का? माझ्या तोंडून गेलं खरं.

तो बराच वेळ वाळूत बोट फिरवत राहिला. “नंबराचं तुमी खोटं बोलले, मास्तर, ते समजते मले. नोकरी होती तुमची, पोरगी लहान. त्याचा राग नाई. पण घंटी तर तुमी मारलीच असन. बिना घंटीचं कोणी लिवते का? मलेच ऐकू नसन आली. चंद्रपुरात कान दाखवले म्या. डॉक्टर म्हणते बराबर हायेत. पण त्या दिवशी नसतीन.”

तेव्हा बोलायला हवं होतं. चार शब्द. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. माझी पेन्शन चालू झाली होती, पोरीचं लग्न झालं होतं, भीती वाटावी असं काहीएक उरलं नव्हतं. तरीही मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “होतं असं कधी कधी, दसरूभाऊ. मनाला लावून घेऊ नको.”

त्याचे डोळे भरून आले. मोठ्या मनाचा माणूस म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाहू दिलं. रसाचे पैसेही त्यानंच दिले.

दसरू अजून आहे. यंदाही रोवणीला नत्थूकडं गेला होता, असं ऐकलं. त्याच्या गावाला रोज बस जाते आणि मला दिवसभर काही काम नसतं. मी गेलेलो नाही.

घंटी मी मारली नव्हती. हे आता तुम्हाला माहीत आहे. त्याला नाही.