मंगळवारच्या बाजारातला हवाई हल्ला

पासष्ट सालच्या लढाईत आमच्या गावावर बॉम्ब टाकायचा विचार शत्रूच्या मनात कधी आला होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तालुक्याच्या कचेरीला मात्र त्याबद्दल शंका नव्हती. मालवणच्या उत्तरेला खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. एक बंदर, एक शाळा आणि मंगळवारचा बाजार, एवढाच त्याचा पसारा. त्या शाळेत मी मास्तरीण होते. वय बावीस, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. बाजारातल्या लोकांना हल्ल्यापासून वाचवण्यासाठी गावातून एक रक्षक नेमा, असं परिपत्रक आलं. ते वाचल्याबरोबर मुख्याध्यापकांची गुडघेदुखी बळावली आणि रक्षक मी झाले. दंडाला बांधायला पट्टी मिळाली, गळ्यात अडकवायला शिटी.

खंदक आधीच खणून झाला होता. शाळेच्या मागे मुलांनी तो चार दिवस खपून खणला होता, आणि पाचव्या दिवशीच्या पावसात तो काठोकाठ भरला. मुलं त्यात होड्या सोडायची.

मग तालुक्याच्या कचेरीतून साहेब आले. बाजाराच्या मधोमध खुर्चीवर उभे राहून त्यांनी भाषण केलं. "शत्रूचे विमान दृष्टिपथात येताच नागरिकांनी विचलित न होता नजीकच्या खंदकाचा आश्रय घ्यावा. अन्यथा भूमीवर पालथे पडावे."

बाजारात मासळी विकणारी एक म्हातारी माझ्या पायाशीच बसली होती. तिने माझं लुगडं ओढलं. "बाये, ह्यो काय म्हणता?"

"विमान आलं की पालथं पडायचं, म्हणतायत."

"आणि मासळी?"

"ती तशीच ठेवायची."

"मगे कावळे काय तुझ्या सायबाक इचारून खातले?"

साहेबांनी तिकडून विचारलं, "नागरिकांची काही शंका आहे का?" मी नाही म्हणून सांगितलं.

अडचण होती ती इशाऱ्याची. गावात सायरन नव्हता. शाळेची घंटा वाजवावी तर मुलं घरी पळतात, देवळातली वाजवावी तर म्हातारी माणसं हात जोडतात. शेवटी साहेबांनी बंदरावरच्या कचेरीतून एक जुना पितळी भोंगा आणवला. मुंबईची बोट पावसाळ्यात बंद असायची. ती आता सुरू होणार, आज येईल की उद्या, याच गोष्टीत सगळा गाव होता. भोंग्याचा आवाज कशासारखा आहे, हे मी साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. साहेबांना काही सांगायचं असतं, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढच्या मंगळवारी बाजार ऐन भरात असताना तालीम म्हणून साहेबांच्या शिपायाने भोंगा फुंकला. क्षणभर सगळं शांत झालं. मग कोणीतरी ओरडलं, "बोट इली रे!"

आणि सगळा बाजार धक्क्याकडे धावला. मुंबईत ज्यांची मुलं होती ते पुढे, ज्यांची नव्हती ते बघायला मागे. मी शिटी फुंकत, "बोट नाही! विमान आहे! विमान!" असं ओरडत त्यांच्यामागे. एक आजोबा धावता धावता वळून म्हणाले, "ह्या खेपेक इमानान येतत?"

इथवर हसण्यासारखं होतं. पण धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. मडकी विकायला आलेली एक बाई घसरून पडली, आणि मागचे लोक तर येतच होते. तिची किंकाळी मला ऐकू आली, ती दिसेना. तेवढ्यात धक्क्याच्या तोंडाशी कोणीतरी हातगाडी आडवी घातली. "थांबा! फुडे जागा नाय!" बंदराजवळ दोरखंड आणि कंदील विकणारे मुसलमान चाचा गाडीला पाठ लावून उभे होते. लोंढा गाडीवर आदळून थांबला. चाचांनी बाईला हाताला धरून वर काढलं. तिचं मनगट मोडलं होतं.

साहेबांनी अहवालात लिहिलं, बाजार तीन मिनिटांत संपूर्ण रिकामा झाला, तालीम यशस्वी. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

संध्याकाळी मी चाचांच्या दुकानात गेले. गाडी आडवी घालायचं त्यांना कसं सुचलं, विचारलं. तेव्हा कळलं, की मागच्या महायुद्धात ते जहाजावर खलाशी होते आणि भर समुद्रात त्यांचं जहाज फोडलं गेलं होतं. ज्याने खरा हल्ला पाहिला असा गावातला हा एकच माणूस, आणि त्याला आम्ही कोणीच काही विचारलं नव्हतं. साहेबांच्या भाषणाच्या वेळी ते मागच्या रांगेत उभे होते म्हणे.

"मुलांना शिकवाल का, चाचा?"

"शिकवण्यासारखा काय आसा त्यात? येतंय."

ते आले आणि शाळेच्या आवारातल्या दगडावर बसून अर्ध्या तासात सगळं सांगून मोकळे झाले. जिथे जाल तिथे बाहेर पडायच्या दोन वाटा आधी बघून ठेवा. सगळे धावतात तिकडे धावू नका. धाकट्याचा हात धरा, दप्तर सोडा. पालथं पडलात तर कोपरांवर पडा, छाती जमिनीला टेकू देऊ नका, तोंड थोडं उघडं ठेवा. आवाज थांबला की लगेच उठू नका. उठलात की आपली माणसं मोजा.

मासळीवाली म्हातारी कुंपणापलीकडून ऐकत होती. "टोपली सोडून धावाचा?"

"टोपली बुरुड परत इणता," चाचा म्हणाले. "तुका कोण इणतलो?"

पुढच्या मंगळवारी तिने टोपलीवर ओलं गोणपाट टाकून ते दगडाने दाबलं आणि बाजारातून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा मला बोटाने दाखवल्या. साहेबांच्या तालमीत न जमलेलं काम झालं होतं.

मुलांच्या या शिकवणीचा अहवाल मी लिहिला. 'मार्गदर्शक' या रकान्यात चाचांचं नाव घातलं. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "बाई, लढाई कोणाशी चाललीय? दिवस कसे आहेत? हे नाव वर गेलं तर मलाच विचारतील." त्यांनी तिथे मुख्याध्यापकांचं नाव लिहिलं. चाचांनी शिकवलं त्या दिवशी मुख्याध्यापक गुडघ्याला तेल चोळत घरी बसले होते.

खाली मी सही केली. माझ्या पगारावर घर चालायचं, हे खरं. पण धीर झाला नाही, हेही तेवढंच खरं.

दोन दिवस मी चाचांच्या दुकानासमोरून गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. ते गिऱ्हाइकासाठी दोर मापत होते.

"चाचा, अहवालात तुमचं नाव नाही. मी घातलं होतं. त्यांनी काढलं, आणि मी सही केली."

ते हातावर दोर मापतच राहिले. "जहाज बुडला तेव्हा कागद इलो. गोऱ्यांची नावां वळीन लिवलेली. आमचा काय लिवलेला, म्हायत आसा? खलाशी. बाकीचे खलाशी." त्यांनी दोर कापला, गिऱ्हाइकाच्या हातात दिला. "माका त्याची सवय आसा. तू ती लावन घेव नुको."

मी निघायला वळले.

"आता माका सांग," ते म्हणाले, "धाकटी पोरां अजून छाती टेकतत. त्यांका परत कदी हाडतंस?"

"उद्या आणते, साडेतीनला."

"हाड," म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.