दादुल वैद्याच्या एकवीस बुड्या

आमच्या गावात दादुलइतका निकामी माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. वैद्यांच्या घराण्यात जन्मला, पण बापानं नाडी शिकवायला बसवलं की हा याक चारायचं निमित्त काढून पळायचा. याक तरी कुठे चारले? दगडाच्या आडोशाला तोंडावर टोपी घेऊन घोरत पडायचा. बाप गेला, तशी बापाची पोथी आणि गरम झऱ्याकाठची बैठक याच्याकडे आली. आयत्या बिळावर नागोबा!

झऱ्यावर लांबलांबचे लोक येतात. कुणाचे सांधे धरलेले, कुणाची कातडी फुटलेली. वैद्यानं नाडी बघून किती बुड्या मारायच्या ते सांगायचं. तेवढे खडे काठावर मांडायचे, पाण्याला आकडा ऐकवायचा आणि दर बुडीला एक खडा बाजूला सारायचा. ऐकवलेला आकडा अर्धवट सोडला तर पाण्यातले नाग रागावतात, घरादाराला रोग लागतो. दादुलचा आकडा सगळ्यांना एकच, एकवीस. गुडघा दुखो, नाहीतर खरूज होवो.

"काय हो वैद्यराज, सगळ्यांची नाडी एकवीसच कशी बोलते?" मी मुद्दाम विचारायचो.

"बापाचा आवडता आकडा होता रे, नोनो," म्हणत तो दात काढायचा आणि रोग्यानं आणलेलं लोणी स्वतःच्या चहात ढकलायचा. लोक बरे व्हायचे पाण्यानं, नाव व्हायचं याचं. मला त्याची किळस यायची.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी मी आचे छोरोलला झऱ्यावर नेलं. आचे म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचे पाय टम्म सुजले होते, आडवं झालं की दम लागायचा. तिच्या सासरहून दोन दिवस घोड्यावर बसवून आणली. हंगाम सरला होता, काठावर आम्ही तिघंच.

दादुलनं तिचं मनगट धरलं. एरवी धरल्यासारखं करून सोडायचा, त्या दिवशी सोडेना. डावा हात बघितला, उजवा बघितला, परत डावा. मग मला बाजूला घेतलं.

"नोनो, हिला पाण्यात उतरवू नकोस. सडकेवर जा, मिळेल तो ट्रक पकड आणि लेहच्या इस्पितळात ने."

"का?"

"मला यातलं काही कळत नाही म्हणून. कुणाचीच नाडी मला कधी कळली नाही. पण हिची मधेच थांबते, एवढं बोटाला लागतंय."

मला हसू आलं. "लोणी कमी पडलं का? माझ्याच बहिणीच्या वेळी बरा कंटाळा आला तुला!"

"लोणी घेऊन जा परत. पाया पडतो तुझ्या." त्यानं खरंच टोपी काढली आणि वाकला. मला वाटलं, नवीन नाटक.

"हो बाजूला," मी म्हणालो.

खडे मी मांडले, एकवीस. आकडाही मीच पाण्याला ऐकवला. काखेत हात घालून आचेला उतरवलं. सात-आठ बुड्यांनंतर तिच्या गालांवर रंग आला. "बरं वाटतंय रे," ती म्हणाली. मी दादुलकडे असं बघितलं, की बघ, लबाडा!

बाराव्या बुडीला ती म्हणाली, "पुरे रे नोनो, छातीत कसंतरी होतंय."

"नऊच राहिल्यात, आचे. अर्धवट कसं सोडायचं?"

दादुल कपड्यांसकट पाण्यात आला, तिचा दंड धरून ओढायला लागला. मी त्याला ढकलून दिलं. सतराव्या बुडीनंतर मी आचेला वर घेतलं तेव्हा तिची मान माझ्या खांद्यावर पडली. पुन्हा उचलली नाही.

गावानं काय ते समजून घेतलं. दादुलच्या एकवीस बुड्यांनी छोरोल गेली. आता त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. त्या दिवशीचं तो कुणाला काही सांगत नाही, तेवढीही धमक नाही त्याच्यात.

परवा पाणवठ्यावर गावातला एकजण त्याच्या पायाशी थुंकला. दादुलनं माझ्याकडे बघितलं. नुसताच बघत राहिला, मी काय बोलतो म्हणून.

"पहिल्यापासून असाच आहे तो," मी म्हणालो.